गाडी ओढेल हो, पण गाडीत बसायचं कोणी?

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही मेलबर्नला टार्नीटमध्ये राहतो. मी, नवरा, बारा आणि नऊ वर्षांची दोन मुलं. आमच्याकडे २०१९ ची डिझेल ऑटोमॅटिक टोयोटा प्राडो आहे. नवऱ्याने कॅम्पबेलफील्डला जाऊन बावीस फुटी कॅराव्हॅन पसंत केली आहे : बंक बेड, आत बाथरूम, वॉशिंग मशीनसुद्धा. रिकामं वजन २,४२० किलो, एटीएम २,९५०. विक्रेता म्हणतो, "प्राडो ३,००० ओढते, म्हणजे प्रश्नच नाही." जानेवारीत सासू-सासरे सांगलीहून येतायत, त्यांनाही फिरवायचंय. सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. फोनवर सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "ओढेल ठीक आहे, थांबेल का?" तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. नवरा म्हणतो, गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, काळजी कशाला? अगदीच वाटलं तर पुढे लँडक्रूझर ३०० घेऊ. पुस्तिकेतले गाडीचे आकडे त्यानेच दिले : कर्ब वजन २,३२५, जीव्हीएम २,९९०, जीसीएम ५,९९०. व्हॅनचं डिपॉझिट अजून भरलेलं नाही. काय करू?

उत्तर :

ताई, डिपॉझिट भरलेलं नाही हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. ते शनिवारपर्यंत तरी भरू नका. आज संध्याकाळी चहाबरोबर कागद-पेन्सिल घेऊन दोघं बसा. नवरोबांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, विक्रेताही खोटं बोललेला नाही. फक्त त्याने तुम्हाला एकच आकडा दाखवला, आणि तुमच्या बाबतीत तोच सर्वांत कमी कामाचा आहे.

आधी शब्द समजून घेऊ. कर्ब वजन म्हणजे टाकी भरलेली, पण माणूस नाही, सामान नाही अशी कारखान्यातून आलेली गाडी. जीव्हीएम म्हणजे माणसं, सामान, वर चढवलेल्या सगळ्या वस्तू धरून गाडीचं जास्तीत जास्त किती वजन चालेल ते. जीसीएम म्हणजे गाडी आणि मागची व्हॅन मिळून किती चालेल ते. आणि एटीएम हे इथं पैसे काढायचं यंत्र नव्हे. व्हॅन गाडीपासून सोडून उभी केली, तर भरलेल्या अवस्थेत तिचं वजन जास्तीत जास्त किती असावं, तो आकडा.

आता खरी गोम. व्हॅन गाडीला जोडली की तिचं सगळं वजन तिच्या चाकांवर राहत नाही. साधारण दहावा हिस्सा नाकावाटे तुमच्या गाडीच्या टो-बॉलवर, म्हणजे मागे व्हॅन अडकवायच्या गोळ्यावर येतो. त्याला इथं बॉल वेट म्हणतात. तो भार आता तुमच्या गाडीचा झाला, म्हणजे जीव्हीएममध्ये मोजायचा. आईबाबांसारखाच, फक्त बसायला सीट लागत नाही.

मी सांगली जिल्ह्यातला, तासगावकडचा, त्यामुळे हे मला इथल्या कुठल्या कोर्समध्ये शिकावं लागलं नाही. आजोबांच्या बैलगाडीत कडबा भरताना ते मागेपुढे बघून ओरडायचे, "पुढं सरकव, गाडी उलार हुईल!" मागं ओझं जास्त झालं की गाडी उलार होते. दांडी वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटू बघतं आणि गळ्याखालचा पट्टा त्यांना काचतो. पुढं ओझं जास्त झालं तर बैलांची मान दबते, चढाला ते गुडघ्यावर येतात. आखाच्या थोडं पुढं, मानेवर थोडका भार राहील, एवढंच ओझं हवं. शंभर वर्षं जुनी अक्कल आहे आणि इथल्या डांबरी रस्त्यावर ताशी शंभराने जाणाऱ्या कॅराव्हॅनला ती जशीच्या तशी लागू पडते. तुमच्या सासऱ्यांना "उलार" एवढं म्हणा, ते पुढचं सगळं नवरोबांना समजावतील.

चला, हिशेब मांडू. जीव्हीएम २,९९० वजा कर्ब २,३२५, उरले ६६५ किलो. ऐकायला भरपूर वाटतात. आता तुमच्या गाडीवर काय काय बसवलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण टार्नीटमधल्या आपल्या लोकांच्या प्राडो मी बघितल्यात, त्यामुळे अंदाज करतो. पुढं लोखंडी बुलबार, ५५. टो-बार, ३५. छपरावर रॅक, ३०. मागं ड्रॉवर आणि फ्रिज, ८०. झाले २००, उरले ४६५. तुम्ही चौघं मिळून सव्वादोनशे धरू (वजन खरं सांगा, इथं कोणी बघत नाही). उरले २४०. आता त्या बावीस फुटी व्हॅनचा बॉल वेट, २,९५० चा दहावा हिस्सा, २९५.

वजा पंचावन्न.

म्हणजे एकही बॅग गाडीत ठेवलेली नाही, पाण्याची बाटली नाही, मुलांचे बूट नाहीत, आणि सासू-सासरे अजून सांगलीतच आहेत, तरी गाडी ५५ किलोने जास्त भरलेली आहे. आणि गंमत बघा, जीसीएमच्या आकड्यात हे सगळं अजून बसतं असं वाटतं, कारण ३,००० अधिक २,९९० बरोबर ५,९९०. कागदावर "प्राडो ३,००० ओढते" हे वाक्य खरंच राहतं. फक्त ती ओढताना गाडीत बसायचं कोणी, हे विक्रेत्याने विचारलं नाही आणि तुम्हीही नाही.

दुसरी बाजू व्हॅनची. टेअर, म्हणजे रिकामं वजन २,४२०, एटीएम २,९५०, म्हणजे भरायला ५३० किलो. पाण्याच्या दोन टाक्या प्रत्येकी ९५ लिटरच्या असतील तर १९० किलो पाण्यातच गेले. गॅसचे दोन सिलेंडर भरलेले, पस्तीसच्या आसपास. टेअर हे बहुतेक वेळा कारखान्यातून बाहेर पडतानाचं असतं. विक्रेत्याने नंतर चढवलेली जादाची बॅटरी, ॲनेक्स (बाजूला लावायचा तंबू), सोलरची पाटी हे त्यात धरलेलं आहे का, हे लेखी विचारा. उरलेल्या तीनशेच्या आत चादरी, भांडी, कपडे, खुर्च्या, सायकली, आणि आपल्या घरचा कुकर, पोळपाट, पिठाचा डबा, लोणचं. मी हसत नाहीये. गेल्या वर्षी आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाच्या व्हॅनमधून मी स्वतः अठरा किलो तांदूळ-डाळ खाली उतरवली होती. इथं वूलवर्थ्स नाही का कुठं?

बॉल वेटचं आणखी एक दुखणं आहे. तो मागच्या चाकांच्या बराच मागे टेकतो. समजा टो-बॉल मागच्या आखापासून १.२ मीटर मागे आहे. प्राडोच्या दोन आखांमधलं अंतर २.७९ मीटर. तरफेचा साधा हिशेब केला तर २९५ किलो बॉलवर ठेवल्यावर मागच्या आखावर २९५ नाही, सुमारे ४२० किलो वाढतात आणि पुढच्या आखावरून सव्वाशे किलो कमी होतात. म्हणजे जी चाकं वळतात आणि जास्त ब्रेक लावतात, तीच हलकी पडतात. रात्री समोरून येणारा माणूस तुमच्या हेडलाइटने वैतागतो, तो याचमुळे. यावर लोक वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावतात, दोन लवचिक दांड्या. त्या पुढच्या चाकांवर थोडा भार परत ढकलतात. चांगली वस्तू आहे, आमच्याकडेही आहे. पण तिने बॉल वेट कमी होत नाही, आणि कच्च्या, खाचखळग्यांच्या रस्त्यावर ती काढून ठेवायची असते. बसवण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत परवानगी आहे का तेही बघा. आणि मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या भरून गाडी उचलून घेतली म्हणजे भार गेला, असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून फक्त चहा घ्या.

मग बॉल वेट कमी करण्यासाठी सामान व्हॅनच्या मागे सरकवलं तर? हे मी करून बघितलं आहे. पहिल्या व्हॅनच्या मागच्या बंपरवर मी चार सायकली आणि जनरेटर लटकवला होता. नाक हलकं झालं, गाडी छान समतल दिसत होती, मी खूश. बॅलरॅटच्या पुढे वेस्टर्न हायवेवर एका बी-डबल, म्हणजे मागे दोन ट्रेलर जोडलेल्या ट्रकने आम्हाला ओलांडलं आणि व्हॅन मागे झोके घ्यायला लागली. आधी हलके, मग असे की आरशात कधी तिची डावी बाजू दिसायची, कधी उजवी. बायकोने डॅशबोर्ड धरला, एक अक्षर बोलली नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत ती एवढी गप्प मी कधी बघितली नव्हती. अशा वेळी गाडीचा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटंसुलटं फिरवायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशखालच्या ब्रेक कंट्रोलरचं बटण हाताने दाबून फक्त व्हॅनचे ब्रेक लावायचे, म्हणजे ती मागून ताणली जाऊन सरळ होते. मी ते केलं, वाचलो. आजोबा असते तर कानाखाली दिली असती. मोठ्ठी उलार गाडी चालवत होतो मी. जड सामान व्हॅनच्या आखाच्या आसपास आणि जमिनीलगत, दोन्ही टोकांना हलकं, आणि नाकावर एकूण वजनाचा दहावा हिस्सा. पाण्याच्या टाक्या आखाच्या पुढे आहेत की मागे, हेही खाली वाकून बघा. मागची टाकी भरलीत आणि पुढची रिकामी ठेवलीत की तुम्ही स्वतःच व्हॅन उलार केलीत.

आता सासऱ्यांच्या प्रश्नाकडे. तुमच्या पत्रातलं सर्वांत शहाणं वाक्य त्यांचं आहे. इंजिन ओढतं, हे खरंय. पण सहा टनांचा ऐवज उतारावर थांबवायचा असतो. ऑस्ट्रेलियात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. २,००० किलोपर्यंत किमान एका आखाच्या चाकांना हवेत. त्याच्या वर गेलं की सगळ्या चाकांना हवेत, ते ड्रायव्हरच्या जागेवरून लावता यायला हवेत, आणि व्हॅन गाडीपासून तुटलीच तर तिचे ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत. म्हणून व्हॅनमध्ये त्या कामाची छोटी वेगळी बॅटरी असते. जुनी व्हॅन घेताना ती मेलेली सापडते, नेहमी. तिची पिन ओढून ब्रेक लागतात का हे विक्रेत्यासमोर बघा. ब्रेक कंट्रोलर लावून घेतला की रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात तो नीट बसवायचा. भरलेल्या व्हॅनला वेगळी जुळणी, रिकाम्याला वेगळी. आणि उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा. ॲडलेडमध्ये उतरताना साउथ ईस्टर्न फ्रीवेवर ट्रकवाल्यांसाठी खालच्या गिअरच्या पाट्या आहेत, त्या तुमच्यासाठीसुद्धा समजा. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्याचं काय होतं, हे एसटीच्या वर्कशॉपवाल्याला मी काय सांगणार.

वेगाचंही सांगतो. शंभरवरून ऐंशीवर आलात तर वेग पाचव्या हिश्श्याने कमी होतो, पण थांबवायची ऊर्जा ३६ टक्क्यांनी. शिवाय डिझेल वाचतं ते वेगळं. माझं नव्वदच्या वर जात नाही. न्यू साउथ वेल्समध्ये गेलात तर तुमच्यासारख्या, जीसीएम साडेचार टनांच्या वर असलेल्या गाडीला ट्रेलर ओढताना शंभरची कायदेशीर मर्यादाच आहे, पाटी ११० ची असली तरी.

फोर व्हील ड्राइव्हबद्दल नवरोबांची समजूत थोडी दुरुस्त करावी लागेल. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडीची ओढायची क्षमता एक किलोनेही वाढत नाही. ती ठरते चासी, ब्रेक, आख, गिअरबॉक्स आणि थंड राहण्याच्या सोयीवरून. चार चाकांचा उपयोग पकड मिळवायला होतो. ओल्या गवतावरच्या कॅम्पिंगच्या जागेतून व्हॅन बाहेर काढताना, वाळूत, चिखलाच्या चढावर. त्यात तुमच्या प्राडोची लो रेंज म्हणजे सोनं आहे : चढावर व्हॅन मागे घ्यायची असेल तेव्हा इंजिनला ताण न देता मुंगीच्या पावलांनी सरकता येतं. तुमची गाडी कायम चारही चाकांवर चालते, पण ज्यांच्याकडे कळ फिरवून फोर व्हील करायच्या युट (मागे हौदा असलेल्या गाड्या) आहेत, त्यांनी कोरड्या डांबरावर ती कळ लावून व्हॅन ओढू नये. गिअर पिळवटून निघतात.

लँडक्रूझर ३०० घेऊन प्रश्न सुटेल का? तिचं जीव्हीएम ३,२८०, जीसीएम ६,७५०, ओढायची मर्यादा ३,५००. खरी मेख अशी की तिच्या सर्वांत वरच्या, चामड्याच्या सीटवाल्या प्रकारात सामान आणि माणसांसाठी जेमतेम साडेसहाशे किलो उरतात, म्हणजे तुमच्या प्राडोएवढेच. साध्या प्रकारात थोडे जास्त. पूर्ण ३,५०० च्या व्हॅनचा बॉल वेट ३५० झाला की निम्म्याहून जास्त तिथेच संपले. लाखभर डॉलर घालून तुम्ही परत याच कागदावर याल, फक्त गाडी जास्त चकचकीत असेल.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : टेअर १,७५० ते १,८५० आणि एटीएम २,२५० च्या आसपास असलेली, सोळा ते अठरा फुटी, बंक असलेली व्हॅन. शक्य तर पॉप-टॉप, म्हणजे छप्पर उचलून उंच होणारी. वाऱ्याला कमी अडते, डिझेल कमी खाते, वजनही कमी. मुलांची डोकी बंकवर आपटतात, त्याची सवय होते. तिचा बॉल वेट २२५. तुमच्या २४० मधून वजा केले तर उरले १५. अजून हात आखडताच आहे. म्हणून ड्रॉवर-फ्रिज आणि छपरावरचा रॅक काढून टाका, व्हॅनमध्ये फ्रिज आहेच. ११० किलो परत आले. सव्वाशे किलोत चौघांच्या बॅगा, कुत्रा असेल तर कुत्रा, सगळं बसतं. वॉशिंग मशीन मात्र गेलं. बहुतेक कॅराव्हॅन पार्कमध्ये पैसे टाकून चालणारं असतं, आणि तिथंच शेजाऱ्यांशी ओळखी होतात.

सासू-सासऱ्यांचं गणित मात्र या गाडीत, व्हॅन जोडून, बसत नाही. दोघांचे १३० किलो धरले तर तुम्ही परत काठावर. दोन वाटा आहेत. एक म्हणजे जीव्हीएम अपग्रेड. मजबूत स्प्रिंग वगैरे बसवून, व्हिक्टोरियात व्हॅस या, गाडीतले बदल तपासणाऱ्या योजनेतल्या इंजिनिअरचं प्रमाणपत्र घेऊन, गाडीचं जीव्हीएम दोन-तीनशे किलोंनी कायदेशीर वाढवता येतं. पण लक्षात ठेवा, रजिस्टर झालेल्या गाडीत यामुळे जीसीएम वाढत नाही. ५,९९० तिथंच. गाडी, बॉल वेट धरून, ३,२०० झाली की व्हॅनच्या चाकांना २,७९० उरले. सव्वादोन टनाच्या व्हॅनला ते आरामात पुरतं. दुसरी वाट स्वस्त आहे आणि मला जास्त आवडते : सासू-सासऱ्यांना साउदर्न क्रॉस स्टेशनहून व्ही-लाइनच्या रेल्वेत बसवा आणि वॉर्नमबूलला उतरवून घ्या. तिथल्या पार्कमध्ये त्यांना केबिन, तुम्ही शेजारी व्हॅनमध्ये. सत्तरीच्या माणसाला रात्री दोनदा उठावं लागतं, बंकवरून उतरायला लावू नका. तुम्हीही वॉर्नमबूलला कोलॅकवरून प्रिन्सेस हायवेने जा. ग्रेट ओशन रोडच्या अँगलसी ते अपोलो बे वळणांवर पहिल्याच खेपेला व्हॅन नेऊ नका. समुद्र बघायला एक दिवस व्हॅन पार्कमध्ये सोडून नुसती गाडी घेऊन या.

आता "ऑफ-रोड" हा शब्द. विक्रेत्याकडे तो मिरचीसारखा सगळ्यावर भुरभुरलेला असतो. त्याची प्रत्येक कारखानदाराची व्याख्या वेगळी. वॉरंटीच्या कागदावर कोणते रस्ते चालतील ते वाचा. काही ठिकाणी "नीट राखलेला कच्चा रस्ता" एवढंच असतं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडच्या साडेसहाशे किलोमीटरच्या पत्र्यासारख्या लाटांवर स्क्रू नाही, कपाटं सुटतात. तुम्हाला तिथं जायचं नसेल तर स्वतंत्र सस्पेन्शन, जाडजूड चासी आणि उंच चाकं यांचे दोन-अडीचशे किलो आयुष्यभर ओढू नका. साध्या पाट्याच्या स्प्रिंगवर ग्रॅम्पियन्स, फ्लिंडर्स रेंजेस, नलरबॉर, सगळं होतं. पुढे कधी खरंच खडबडीत जाणार असाल तर साध्या ५० मिलीमीटर बॉलऐवजी सगळ्या दिशांना फिरणारं कपलिंग लावून घ्या, कारण खड्ड्यात गाडी एकीकडे आणि व्हॅन दुसरीकडे कलली की साधा बॉल पिळवटतो.

जुनी घेणार असाल तर थोडक्यात तीन गोष्टी. पीपीएसआर या सरकारी नोंदीत दोन डॉलर भरून तिच्यावर कर्ज आहे का ते बघा. टायरची नक्षी बघू नका, बाजूला कोरलेले चार आकडे बघा, आठवडा आणि वर्ष. व्हॅनचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन फुटतात. आणि कोपऱ्यांत, खिडक्यांखाली, बंकच्या गादीमागे हात घालून भिंत दाबा. मऊ लागली तर आत पाणी शिरलंय, निघून या, कितीही गोड बोलले तरी. नवी घेतलीत तर चासी नंबर सरकारच्या आरएव्ही नोंदीत सापडतो का ते बघा. २०२१ पासून नव्या ट्रेलरसाठी जुन्या कंप्लायन्स प्लेटची, म्हणजे नियमांत बसते असं सांगणाऱ्या पाटीची जागा त्या नोंदीने घेतली आहे.

काहीही घेतलंत तरी पहिल्या सहलीआधी काट्यावर जा. आमच्या भागात ऊस घेऊन काट्यावर गेलेला प्रत्येक शेतकरी काटा मारला तर नाही ना, या धास्तीत असतो. इथं उलटं आहे, काटा खरं बोलतो आणि आपल्यालाच ते ऐकायचं नसतं. कुटुंबासकट, टाक्या भरून, फ्रिज भरून जा. आधी गाडी-व्हॅन जोडून दोन्ही काट्यावर : तो आकडा ५,९९० च्या आत हवा. मग व्हॅन जोडलेलीच ठेवून फक्त गाडीची चाकं काट्यावर : तो २,९९० च्या आत. मग व्हॅन सोडून एकटी तिला तोला : तो एटीएमच्या आत. तिसऱ्या आकड्यातून, जोडलेली असताना तिच्या चाकांवर होतं ते वजन (पहिला आकडा वजा दुसरा) वजा केलं की खरा बॉल वेट निघतो. पावती गाडीतच ठेवा. पोलिसाने थांबवलं तर दाखवायला होते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळत नाही.

आणि विकत घेण्याआधी तेवढ्याच आकाराची एक आठवडाभर भाड्याने घ्या. हे मी प्रत्येकाला सांगतो, दहातले नऊ ऐकत नाहीत. भाड्याच्या व्हॅनमध्ये एका पावसाळी रात्रीनंतर बावीस फूट लागतात की अठरात भागतं, हे कागदावर कधीच कळत नाही तेवढं कळतं.

एक राहिलं, व्हॅन मागे घेणं. साध्या कार लायसन्सवर हे सगळं ओढता येतं, कोणी परीक्षा घेत नाही, त्यामुळे कोणी शिकतही नाही. स्टिअरिंग खालच्या बाजूला धरा. हात डावीकडे नेला की व्हॅनची शेपटी डावीकडे जाते, उजवीकडे नेला की उजवीकडे. रविवारी सकाळी सातला एखाद्या शाळेसमोरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा, दोन बादल्या ठेवा आणि त्यांच्या मधे व्हॅन घालायचा सराव करा. आळीपाळीने दोघांनी, फक्त नवऱ्याने नाही. जानेवारीत सासरे आले की त्यांना मागे उभं करा. आरशात ते दिसत राहतील असे उभे करा, दिसेनासे झाले की थांबायचं. त्यांना हातांच्या खुणा शिकवायला जाऊ नका, डेपोत त्यांनी आयुष्यभर गाड्या मागे घेतल्यात. फक्त एक शिट्टी द्या हातात. एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला, एसटीच्या घंटीसारखं.